पंच्याहत्तर किलोचा माणूस

वस्ताद धोंडिबा काट्यावरून उतरला आणि पद्मनाभनं अठरावा आकडा लिहिला. एकशे अकरा.

काटा सामानाचा. हुबळीच्या विमानतळावर माणसं कोणी तोलत नाही. कंपनीच्या लेखी पुरुष म्हणजे पंच्याहत्तर किलो, मग तो शाळामास्तर असो की पैलवान. पण धारवाडच्या तालमीचे अठरा जण मुंबईच्या विमानासाठी दारातून आडवे होत आत आले, आणि विमानाच्या वजनाचा कागद करणाऱ्या पद्मनाभनं काटा पुढं ओढला. गडी मात्र खुशीत. वजन करून घेण्यात त्यांना कसली लाज? एकेक जण शर्ट काढून, दंड फुगवून काट्यावर चढला.

बेरीज झाली. कागदापेक्षा सव्वापाचशे किलो जास्त. कागदावरच विमान काठोकाठ भरलेलं. बाहेर मे महिन्याची दुपार, पारा सदतीसवर. तापलेल्या हवेत विमान लवकर उठत नाही, आणि इथली धावपट्टी आखूड. ती संपली की कुंपण, कुंपणापलीकडे गोकुळ रोडची वर्कशॉपं. यातले सहा गडी तरी उतरवायलाच हवे होते.

स्टेशन मॅनेजर श्रीवत्सनं आकडे पाहिले. ओरडला नाही. या महिन्यात तीनदा माणसं उतरवली होती. आणखी एकदा झालं तर हुबळीचं विमानच बंद, असं मुंबईच्या ऑफिसानं सकाळी कळवलं होतं. बंद म्हणजे चाळीस जण घरी. पद्मनाभसकट.

“पंच्याहत्तर लिही.”

“सर, काट्यावर दिसतंय की...”

“अरे बाबा, काटा काय मुंबईला दिसतो? आणि नियमात थोडी जागा ठेवलेलीच असते. ती कशाला ठेवतात, पूजेला?”

पद्मनाभनं सगळं करून पाहिलं. बॅगा उद्या पाठवू म्हणाला. इंधन कमी भरू, वाटेत गोव्याला घेऊ म्हणाला. काहीही केलं तरी मुंबईला कळणारच, म्हणून श्रीवत्स नकाराची मान हलवत राहिला. शेवटी त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि पेन पद्मनाभच्या बोटांत दिलं.

धोंडिबा शर्टाची बटणं लावत ऐकत होता. “अण्णा, आमच्यात अर्धा किलो जास्त भरलं तरी गड्याला खेळू देत न्हाईत. तुमच्यात चालतंय व्हय?”

“चालतं,” श्रीवत्स हसत म्हणाला. “चला वस्ताद, दार बंद होतंय.”

पद्मनाभ कागद घेऊन विमानाची शिडी चढला. मागं गडी बसायची खटपट करत होते. दोघांना पट्टा पुरेना, त्यावर हसणं चाललेलं. कॅप्टननं कागद पाहिला, घड्याळ पाहिलं, आणि सगळं ठीक ना, एवढंच विचारलं. सांगायचं तर इथंच. याच्यापुढं सांगायला माणूसच नव्हता.

“हो,” पद्मनाभ म्हणाला.

तो खाली उतरून श्रीवत्सशेजारी उभा राहिला. विमान धावलं. रोज जिथं चाकं सुटतात तो पांढरा पट्टा मागं गेला. त्याच्यापुढचा गेला. नाक वर आलं, पण चाकं जमिनीला चिकटलेलीच. अगदी टोकाला लाल धूळ उठली आणि त्यात सगळंच गेलं. पद्मनाभच्या तोंडी कुठल्या देवाचं नाव होतं, त्यालाच कळेना.

मग धुळीच्या वर, कुंपणाला चाटून, विमान दिसलं.

शेजारी श्रीवत्सनं कोंडलेला श्वास सोडला. त्याची कॉलर घामानं भिजली होती. पण घटकाभरात त्याचा हात पद्मनाभच्या खांद्यावर आला.

“गेलं ना? आणि तू महिनाभर माणसं उतरवत बसलास. उद्यापासून कागद असाच करायचा.”

काटा आत न्यायला सांगून तो निघून गेला.

टेबलावर हवामानाचा कागद पडला होता. उद्या एकोणचाळीस.