पपईचा फुलोरा

सोळावं सरलं तरी रागिणीला पाळी आली नव्हती. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून बापलेकीला समोर बसवलं. "गर्भपिशवी जन्मापासूनच नाही. गुणसूत्रं पुरुषाची आहेत. पोटातल्या पुरुषी ग्रंथी काढू, मग गोळ्या घ्याव्या लागतील. मूल होणार नाही. पण ही मुलगी होती, मुलगीच आहे." संध्याकाळच्या बसने दोघं गावी परतली. सकाळी बाप पपईच्या बागेत नर झाडं उपटू लागला. फुलोरा आल्यावरच ती ओळखू येतात आणि त्यांना फळ धरत नाही. रागिणी मागे येऊन उभी राहिली. "बाबा, ज्याले फळ येत नाही, ते सारंच उपटून टाकता?" बापाचे हात बुंध्यावर थांबले. तिच्याकडे न पाहता तो म्हणाला, "झाड फळासाठीच लावलं होतं वं, माय. तुले का फळासाठी वाढवलं? चाल, धर इकडून." रागिणीनेही बुंधा धरला, आणि दोघांनी झाड मुळासकट उपटलं.