रोग्याचं गुपित

नॉर्वेतल्या त्या बंदराच्या नगरसभेत निवडून आलेली एकमेव बाई म्हणजे डॉक्टर वाल्बोर्ग. तिने क्षयरोग्यांसाठी वीस खाटांचं इस्पितळ मागितलं, तेव्हा नगराध्यक्ष ब्रेक्के हसले. “बाई, क्षय कोळ्यांच्या कोंदट खोपटांत होतो. आमच्या उंबऱ्याशी यायची त्याची काय बिशाद!” सगळे खिदळले. ब्रेक्केंची मुलगी महिन्यापूर्वीच मागच्या दाराने वाल्बोर्गच्या दवाखान्यात आली होती. खोकल्यातून रक्त पडत होतं. तेवढं सांगितलं असतं, तर वाल्बोर्गने सभा जिंकली असती. पण रोग्याचं गुपित रोग्याचंच; ती ओठ घट्ट मिटून उभी राहिली. “बाबा, थांबा!” प्रेक्षकांच्या सज्जात तीच मुलगी उठून उभी राहिली. “डॉक्टरांनी माझं नाव सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. मला क्षय आहे.” ब्रेक्केंनी सज्जाकडे पाहिलं, मग ते वाल्बोर्गकडे वळले. त्यांनी विचारलं, “डॉक्टर, किती खाटा म्हणालात?” “वीस.” “चाळीस लिहून घ्या.”