लागेल की येईल

“दोनच शब्द आहेत, बाई. ‘चूक झाली.’ एवढं म्हणा, पुढचं मी बघतो.” कोर्टाच्या दाराशी वकील तिच्या कानाशी लागला होता. “छापखान्यावर कुणी बोट ठेवणार नाही. आणि साहेब सुटले, की त्याच शब्दावर आत बसलेले एकशे सत्तर जण सुटतील. पुण्य लागेल तुम्हाला.”

सरकारी छापखान्यातल्या त्या मुद्रितशोधक बाईने काखेतली पिशवी सावरली. मग ती आत गेली.

साहेब पिंजऱ्यात उभे होते. सरकार बदलले, तशी नव्या सरकारने या माजी गृहमंत्र्यालाच उचलले होते. एक्केचाळीस दिवसांनी, बायकोच्या अर्जावरून, त्याला आज पहिल्यांदा न्यायाधीशाचे तोंड दिसत होते.

न्यायाधीशांनी घटनेची प्रत उघडली. “प्रकरण तिसरं, सरकारचे अधिकार. ‘अटक केलेल्या व्यक्तीस चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे हजर करता येईल.’ वकील म्हणतात, इथे ‘करावे लागेल’ हवं होतं, ‘येईल’ ही छपाईची चूक आहे. ‘लागेल’ म्हणजे सक्ती, ‘येईल’ म्हणजे सरकारची मर्जी. चूक असेल तर ही अटकच बेकायदा ठरते. शेवटचं मुद्रित तुम्हीच वाचलं होतंत?”

“हो, मीच.”

“ताई,” पिंजऱ्यातून आवाज आला. चार वर्षांपूर्वी, नवी घटना छापली जात असताना, हाच माणूस तिला ‘ए चष्मा’ म्हणून हाक मारायचा. “घाईचे दिवस होते, ताई. माणसाच्या हातून नजरचूक व्हायचीच.”

“माझ्या हातून होत नाही.”

मागच्या बाकावर कोणीतरी हसले.

बाईने पिशवीतून एक पिवळट कागद काढला. हा कागद अजून शिल्लक आहे, हे वकिलाला ठाऊक नव्हते. साहेबही विसरले असावेत. समासात तिच्या हातची लाल शाई होती आणि खाली दुसऱ्या कोणाची निळी.

“वाचा,” न्यायाधीश म्हणाले.

ती छापखान्यात मूळ प्रत ताडून पाहणाऱ्या जोडीदाराला वाचून दाखवते तशी वाचू लागली, विरामचिन्हांसकट. “लाल शाईत, माझा प्रश्न. आधीच्या मुद्रितात ‘लागेल’ होते, पूर्णविराम. आता ‘येईल’ आले आहे, पूर्णविराम. कोणता ठेवायचा, प्रश्नचिन्ह. निळ्या शाईत उत्तर. तुला प्रश्न विचारायला बसवलेले नाही, पूर्णविराम. ‘येईल’, अवतरणात. जसेच्या तसे, उद्गारचिन्ह. खाली मसुदा समितीच्या अध्यक्षांची सही. घटना मंजूर झाली ती याच मजकुराची.”

कागद पिंजऱ्यापर्यंत गेला. साहेबांनी तो जवळ धरला, लांब धरला.

“सही कुणाची?” न्यायाधीशांनी विचारले.

“माझी,” साहेब म्हणाले.

“आपलेच दात, आपलेच ओठ,” कारकून पुटपुटला.

साहेब गृहमंत्री असताना बाईचा धाकटा भाऊ त्या एका शब्दावर चौदा महिने आत होता. एकाही न्यायाधीशाने त्याला पाहिले नाही. आई गेल्याचे त्याला घराच्या दारात कळले.

साहेबांना बहुधा तिचे आडनाव आता आठवले. आवाज खाली आला. “ताई, राग माझ्यावर आहे ना? माझ्यावर काढा. बाकीच्यांनी काय केलंय?”

“बाकीचे तेव्हाही होते,” ती म्हणाली.

न्यायाधीशांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. छपाईची चूक नाही, शब्द कायम. पोलिसांनी साहेबांना दंडाला धरून चालवले. दार लागेपर्यंत बाई बघत राहिली. कडक उन्हातून आल्यावर गार पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरावा, तसे तिला झाले. तिने तो घोट सावकाश, चवीने घेतला.

बाहेर लांबलचक वऱ्हांड्यात एक म्हातारी झटकन बाकावरून उठून तिला आडवी आली. मांडीवरचा धुतलेला शर्ट तिने छातीशी धरला होता.

“तुम्ही आतून आलात ना, बाई? काय ठरलं हो? माझा पोरगा आहे तुरुंगात, त्या एकशे सत्तरांत.”

“‘येईल’,” बाईच्या तोंडून निघाले.

म्हातारीने डोळे मिटले. मग वळून बाकावरच्या सुनेला म्हणाली, “ऐकलंस? येईल म्हणाल्या. मी सांगत नव्हते?”

आणि हातातल्या शर्टाची घडी मोडून ती त्याच्या चुण्या तळहाताने सारख्या करू लागली.