सौर वादळाचा नववा दिवस

निवृत्त प्राध्यापक आठ दिवस आपल्या हौशी रेडिओवरून साद घालत होते, पण कुठूनच उत्तर येत नव्हतं. "सूर्यावर वादळ उठलंय," ते बायकोला पुन्हा समजावू लागले. "माझ्या लहरी वरच्या हवेतच विरतात. तुला नाही कळायचं ते." रेडिओची परीक्षा तीही पास झाली होती, फक्त खुर्ची कधी रिकामी मिळत नव्हती.

नवव्या दिवशी ते अंघोळीला गेले, तशी तिने हेडफोन चढवून भीतभीत पहिली हाक दिली. लगेच समुद्रापलीकडून एका म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला.

"अहो, पण सूर्यावर वादळ आहे ना?" तिने विचारलं.

"ते गेल्या आठवड्यातच शमलं की! तुमच्याकडचे एक प्राध्यापक आहेत. त्यांची हाक आली की आम्ही सगळे चिडीचूप बसतो. एकदा सुरू झाले की तासभर सुटका नाही हो."

उद्या याच वेळी बोलायचं ठरवून तिने हेडफोन काढला, तोच प्राध्यापक डोकं पुसत बाहेर आले.

"काय गं, लागलं का कोणी?"

"छे हो, तुम्ही म्हणता तेच खरं," ती म्हणाली. "आणखी महिनाभर तरी तुम्ही उगाच घसा कोरडा करू नका."