तरण्या पेशी

"कुनाला सांगितलं तर खरं वाटनार न्हाई," सोपानराव जेवता जेवता गरजले, "पन काल चाकणला मला कंपनीत घेत हुते. नव्या पोरांत!"

त्यांच्या बायकोने, छबूबाईंनी, मान वर केली नाही. ताटात नाचणीची भाकरी, पालकाचं बिनमिठाचं वरण, भाजलेल्या भोपळ्याच्या बिया. आधी मीठ वाढायचं, मग बाकीचं, अशी या घरची रीत. डॉक्टरांनी छबूबाईंचं बीपी मोजलं आणि रीत मोडली. परवा त्या दारातच भोवळ येऊन पडल्या होत्या. तरी कालपासून घासाला शिवल्या नाहीत. असलं अळणी खाण्यापरीस मेलेलं बरं, म्हणे.

सोपानराव शेजारी बसून तेच अळणी मिटक्या मारत खात होते. दवाखान्यातून आल्या आल्या त्यांनीही जाहीर करून टाकलं होतं, "मलाबी बीपी निघालंय!"

नातसून तनुजा ताक वाढत होती. "कंपनीत? तुम्हाला, आजोबा?"

"पेशींचा परताप, पोरी! बीपीनं पेशी लवकर म्हाताऱ्या हुत्यात, तूच म्हनलीस न्हवं? आतल्या दोऱ्यांची टोकं उसवत्यात, जुन्या कासऱ्यागत. ह्या बियांनी माझी समदी टोकं पुन्ना वळून काढली."

"मी एवढंच म्हटलं होतं, की यातली खनिजं अंगाला चांगली. पेशींचं शास्त्रज्ञ अजून तपासतायत."

"त्यांना म्हनावं, चाकणला येऊन बघा!"

छबूबाईंच्या ओठाचा कोपरा हलला. बोटांनी उगाच भाकरीचा तुकडा मोडला.

"मी आपला गेटाम्होरं बसची वाट बघत हुतो. सुपरवायझर वरडला, ए पोरा, शिफ्ट सुरू झाली, चल आत! हेल्मेट घातलं माज्या डोस्क्यावर. म्या एका हातानं गिअरबॉक्स उचलला. सायेब गार! म्हनला, आधार कार्ड दाव. दावलं. तर म्हनतो कसा, आजोबाचं कार्ड घिऊन आलास व्हय रे?"

तुकडा वरणात बुडाला आणि तोंडात गेला. तनुजाने ते पाहिलं. वरणाची वाटी तेवढी जवळ सरकवली.

"मंग?" छबूबाईंनी विचारलं.

"मंग हापिसातली पोरगी इचारती, लगीन झालंय का? म्हनलं, झालंय बाई, पन बायको म्हातारी. तीबी चार घास खायला लागली का तरणी हुईल. मंग जोडीनंच येतो ओव्हरटाइमला!"

छबूबाईंना हसता हसता ठसका लागला. पाणी प्यायल्या, पदराने डोळे पुसले आणि पुढचा घास घेतला. मग आणखी एक. भाकरी संपत आली तसे सोपानराव पुन्हा फुलले. "आन् येताना काय झालं..."

"चाकणचं ऱ्हाऊ द्या," छबूबाई म्हणाल्या. शेवटचा तुकडा त्यांनी सावकाश चावून गिळला. "सकाळी दवाखान्यातली रुपाली भेटली हुती. तुमाला कसलं आलंय बीपी? कुनापायी अळणी खाताय, त्ये सांगा आधी."