तात्यांसाठी जहाज

"बाल्कनी नदीच्या बाजूला हाय का?" विजयसिंहनं विचारलं.

"दादा, जहाज नदीतच असतंय," केदारनाथ म्हणाला. "दोन्ही बाजूला नदीच."

विजयसिंह हसला नाही. मग केदारनाथनंही हसू गिळलं आणि लॅपटॉप त्याच्याकडं वळवला.

परळीत केदारनाथचं यात्रा कंपनीचं ऑफिस होतं. वर्षभर तो माणसांना चारधामच्या बसमध्ये बसवायचा आणि शिल्लक राहिलेली अष्टविनायकाला धाडायचा. नदीवरची आलिशान क्रूझ त्यानं आजवर एकही विकली नव्हती. पण सकाळी माजलगावच्या बंगल्यावरून फोन आला, 'तात्यांना जहाजानं पाठवायचंय, भारीतल्या कंपन्या काढून आण,' आणि दुपारी बारापर्यंत तो या विषयातला जाणकार होऊन बंगल्यावर हजर झाला होता.

तात्याबा म्हणजे विजयसिंहचे वडील, वीस वर्षांपासून साखर कारखान्याचे चेअरमन. कारखान्याची निवडणूक रविवारवर आली होती. तात्या चार दिवस सभेत दिसले नव्हते आणि विरोधकांनी उठवलं होतं, म्हातारा खाटेवर पडलाय. लोकांना हे पटलं असतं तर पॅनेलचे निम्मे उमेदवार शुक्रवारपर्यंत पलीकडच्या गाडीत दिसले असते. विजयसिंहनं त्यावर साधा तोडगा काढला होता. मतदानाच्या आठवड्यात जो माणूस जहाजावर हवा खायला जातो, त्याला आजारी कोण म्हणेल? उलट त्याला निकाल आधीच कळलाय, असंच लोक धरून चालतील.

"थोडी कणकण हाय त्यांना," विजयसिंह म्हणाला. "तुझ्यापाशीच ठेव."

आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. केदारनाथनं आवाज खाली आणला. "पहिली कंपनी डॅन्यूब नदीवरची. तात्या बीटाची साखर बघायला जर्मनीला गेलते, तो व्हिसा अजून चालू हाय. खोलीत बटलर. उशाच नऊ प्रकारच्या."

"रेंज?"

"फुल. व्हिडिओ कॉलबी होतो."

"मंग नको."

"तात्यांना आराम पडावा म्हणून ना? समजलं. पण एक सांगतो, या जहाजावर स्वयंपाकाला मराठी महाराज हाय. पुण्याचे ग्रुप जातात म्हणून पुरणपोळीबी करतो."

"पुण्याचे ग्रुप?" विजयसिंहनं पानच पुढं सरकवलं. "ओळखीचं माणूस नको. फुडं बोल."

दुसरी कंपनी ब्रह्मपुत्रेवरची होती. तिथं दोन-दोन दिवस रेंज नसते, हे केदारनाथनं भीत भीत सांगितलं, तर विजयसिंह पहिल्यांदा पुढं सरकून बसला. तिसरी गंगेवरची. गुरुवारी पाटण्याहून सुटायची, मंगळवारी काशीला लागायची. चाळीस प्रवासी, सगळे गोरे.

"आता नीट सांग," विजयसिंह म्हणाला. "वय झालंय त्यांचं, म्हणून विचारतो. वाटंत काई बरंवाईट झालं तर?"

केदारनाथनं हे वाचलं होतं. अटींमध्ये सगळ्यात बारीक अक्षरात तेच असतं.

"डॅन्यूबवर लई तरास. पोलीस, वकिलात, चिरफाड, पंधरा कागद. ब्रह्मपुत्रेवर जवळ दवाखानाच न्हाई, विमानानं आणावं लागतं. आन् गंगेवर म्हणलं तर..." तो थांबला. "वाईट बोलू नये दादा, पण काशीत गेलेल्याला लोक पुण्यवान म्हणतात. घरचे जातात, तिथंच अग्नी देतात, गावाकडं निस्त्या अस्थी आणतात." आपण कुठं बसलोय हे त्याला आठवलं. "माफ करा."

"माफ काय करायचं? माहिती असलेली बरी. गंगा धर."

इतक्यात विजयसिंहची आई सत्यशीला चहा घेऊन आली. केदारनाथ उठून उभा राहिला. "काकू, नशीब लागतंय बरं का. तात्यांचं काई पथ्य असलं तर सांगा, फॉर्मात लिहितो. साखर, मीठ?"

"आता काई पथ्य न्हाई," ती म्हणाली.

"हे चांगलं झालं. तुमीबी जावा की सोबत. खोली दोघांचीच हाय."

सत्यशीलानं कप खाली ठेवला. बशीत चहा सांडला होता, तो तिनं पदरानं पुसला. उत्तर विजयसिंहनं दिलं. "आईला पाण्याचं भ्या वाटतं."

फॉर्म भरून झाला. विजयसिंहनं शेवटचं एक विचारून घेतलं. ऐनवेळी माणूस चढलाच नाही तर कंपनी काय करते?

"काई न्हाई. पैसे बुडतात. नाव यादीत तसंच राहतंय."

"नाव राहतंय ना? बास. आन् त्या जहाजाचे मागच्या फेरीचे फोटो असतील तर धाड. पाठमोरी माणसं असलेले. बॅनरला लागतात."

केदारनाथला दारापर्यंत पोचवायला विजयसिंह स्वतः आला. एवढा मान त्याला या बंगल्यात कधी मिळाला नव्हता. गाडी फाटकाबाहेर पडता पडता त्यानं बायकोला फोन लावला आणि सांगितलं की बापाची अशी काळजी करणारा पोरगा त्यानं जिल्ह्यात दुसरा पाहिला नाही.

विजयसिंह आत आला तेव्हा सत्यशीला तिथंच बसली होती, हात मांडीवर ठेवून.

"गुरुवारी तिकिटाचा फोटो सगळ्या ग्रुपवर टाकतो," तो म्हणाला. "सोमवारी निकाल. मंगळवारी मी काशीला जातो, बुधवारी माघारी. आठ दिवसांचा तर प्रश्न हाय, आई. वीस वर्षांत त्यांनीच उभं केलेलं हाय हे सगळं."



"तुझ्या बापाला परवा मागच्या उसात सरणावर ठिवलास," ती म्हणाली. "बुधवारपोतर मी कुकू कुणाच्या नावानं लावू?"