स्वप्नातली पाचवी

धुळ्याजवळच्या एका शाळेत संघमित्रा तायडे चित्रकला शिकवत. यंदा त्यांनी पाचवीच्या मुलांना सांगितलं, "आरशात दिसता तसं नको. स्वप्नात दिसता तसं स्वतःला काढा. आणि घरूनच काढून आणा, कोणाचं बघू नका."

मुलांनी कमाल केली. कोणी केळीच्या पानांचे पंख लावले होते, कोणी ढगावर गुरं चारत होतं. मॅडमनी हाताला येतील तशी चित्रं व्हरांड्याच्या भिंतीवर ओळीने लावली आणि पालकांना बोलावलं. अभिमानाने त्यांचा ऊर भरून आला होता.

समीक्षाचे आजोबा, कौतिक आबा, बघता बघता थबकले. "मॅडम, बठ्ठा पोरेस्नी एकमेकस्ना हात धरेल शेतस!"

खरंच. सगळ्या पोरांनी एकमेकांचे हात धरले होते. एका कागदाच्या कडेला तुटलेली बोटं शेजारच्या कागदावर पुरी होत होती.

"ठरवून काढलंत का गं?" मॅडमनी समीक्षाला विचारलं.

"नाही मॅडम. स्वप्नात हात धरलेलेच असतात."

मॅडमनी मधल्या दोन चित्रांची अदलाबदल करून पाहिली. हात तरीही जुळले. त्यांच्या अंगावर काटा आला, पण त्याहून जास्त कौतुक दाटून आलं. इतक्या वर्षांत असा वर्ग मिळाला नव्हता.

ओळीतलं शेवटचं चित्र समीक्षाचं होतं. तिचा एक हात कागदाबाहेर गेला होता. पुढे नुसती भिंत.

"तठे तुम्हीच उभ्या ऱ्हा, मॅडम," आबा हसून म्हणाले.

मॅडमही हसल्या. त्यांनी कागदाच्या कडेला, कोऱ्या भिंतीवर, आपला तळहात टेकवला.

लहानशा, उबदार बोटांनी तो घट्ट धरला.